गॅझेटातली आई

वर्ष संपत आलं की मोठीचा फोन तापायला लागे. एरवी महिनोन्महिने ज्यांना तिची आठवण येत नसे, त्यांना अचानक तिचा पुळका यायचा. 'ताई, आमचं लिहून घेतेस ना,' म्हणत एकेकाचे फोन सुरू होत, आणि मोठी कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून, भांडी विसळता विसळता, लोकांच्या बढत्या, नवी घरं, सहली आणि पोरांचे गुण ऐकून घेई. या वर्षी मात्र तिचा उजवा खांदा संपावर गेला होता. त्याच्यावर फोन टेकवायचा म्हटलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत, म्हणून ती फोन ओट्यावर उभा करून स्पीकर लावत होती. घर जेमतेम दोन खोल्यांचं. त्यामुळे सगळ्या जगाची ख्यालीखुशाली आतल्या खोलीत पलंगावर पडलेल्या आईलाही ऐकू जात होती.

मोठी म्हणजे या घरातली थोरली मुलगी. धाकट्या भावा-बहिणीची ताई, आणि आईची मोठी. पन्नाशी उलटून गेली होती, केसांना रंग लावायचं तिने कधीच सोडलं होतं. लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही, म्हणजे त्या सगळ्याला वेळच मिळाला नाही, असं विचारणाऱ्याचं तोंड बघून ती वेगवेगळं सांगायची.

वर्षअखेरच्या या उद्योगाला घरात 'गॅझेट' म्हणत. सुरुवात वडिलांनी केली. ते सरकारी कचेरीत कारकून होते, आणि कागदावर आल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही ही सवय त्यांनी कचेरीतून घरी आणली होती. वर्ष संपताना ते कार्बन घालून एकच पत्र लिहीत आणि सगळ्या नातेवाइकांना, मित्रांना धाडून देत. कोण पास झालं, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कोण गेलं, कुणी नवा पंखा घेतला. सगळ्यांना एकच पत्र, म्हणजे रुसवेफुगवे नकोत. हळूहळू गॅझेटाचा असा काही दबदबा झाला की त्यात आल्याशिवाय बातमी ही बातमीच नव्हे. एका काकांनी सिगरेट सोडल्याचं वडिलांनी त्यात टाकलं, तेव्हा काकांनी ती सोडलेली नव्हती, नुसतं सोडायचं बोलले होते. पण गॅझेटात आल्यावर माघार कशी घेणार? बिचाऱ्यांना खरंच सोडावी लागली, आणि शेवटपर्यंत ते वडिलांच्या नावाने बोटं मोडत राहिले.

वडील गेल्यावर हे काम मोठीकडे आलं. तिला कुणी विचारलं नाही. बाकीची कामं जशी आली, तसंच हेही आलं.

मोठी दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणायचा एवढंच. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीतली ती एक लांबट खोली होती. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर अनोळखी माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, हवेत कायम वितळलेल्या मेणाचा वास. खिडकीजवळ पॉलिशचं फिरतं चाक, आणि त्या चाकापुढे मोठी. सगळे दात पांढरेशुभ्र आणि एका ओळीत बसवले की कवळी लांबूनच ओळखू येते, म्हणून एखादा दात किंचित तिरपा ठेवायचा, हे तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. गॅझेट लिहिताना मात्र ती हे साफ विसरे. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली, तर 'जावईबापू सध्या घराकडे अधिक लक्ष देत आहेत'. मामेभावाचा मुलगा नापास झाला, तर 'पाया पक्का करण्यासाठी त्याने याच वर्गात आणखी एक वर्ष काढायचं ठरवलं आहे'. सगळे खूश. प्रत्येक जण आपला परिच्छेद शोधून दोनदा वाचायचा, दुसऱ्यांचे वरवर चाळायचा, आणि एक अंगठा पाठवून मोकळा व्हायचा.

तिची लिहायची पद्धतही सोपी होती. गेल्या वर्षीचं गॅझेट कॉम्प्युटरवर उघडायचं आणि जुन्या मजकुरावरच नवा लिहीत जायचं. ज्याचा फोन आला त्याचं बदलायचं, ज्याचा नाही आला त्याचं तसंच ठेवायचं. सगळ्यात शेवटी आईचा परिच्छेद असे आणि त्याच्याही खाली एकच ओळ: 'मोठीचं नेहमीप्रमाणे ठीक चाललं आहे.' ही ओळ वडिलांच्या काळापासून कुणी हलवली नव्हती.

पण ठीक चाललेलं नव्हतं. दिवसभर चाकापुढे हात उचलून धरायचा आणि घरी आल्यावर आईला उचलायचं, यात खांद्याचा निकाल लागला होता. मोठीने वर्षभर ते दुखणं अंगावर काढलं. शेवटी गेली, तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की आतला स्नायू विरत चाललाय, ऑपरेशनला पर्याय नाही, आणि नंतर दोन महिने भरलेला पाण्याचा जगसुद्धा उचलायचा नाही.

"घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आई."

"मग काय, छानच. काळजी घ्यायला आहे कुणीतरी."

मोठीला हसू आलं. तिथून निघून रस्ता ओलांडेपर्यंत ती हसत होती, आणि पलीकडे पोचल्यावर बसस्टॉपच्या बाकावर बराच वेळ नुसती बसून राहिली. दवाखान्याने ऑपरेशनच्या तारखेबद्दल सोमवारपर्यंत नक्की कळवायला सांगितलं होतं. नाहीतर नंबर पुढे जाणार होता, आणि तोपर्यंत हात किती उरेल हे सांगता येत नाही म्हणाले होते.

आई बाथरूममध्ये पडली होती त्याला आता बरीच वर्षं झाली. हाड जुळलं, पण पायांनी नंतर भार घेतलाच नाही. डोकं मात्र लख्ख. दिवसा सोबतीला एक बाई येत. त्या खाऊपिऊ घालत, केस विंचरत, गप्पा मारत, पण त्यांचंही वय झालेलं, उचलणं त्यांच्याकडून होत नसे. सकाळ-संध्याकाळ आईला उठवायचं, खुर्चीवर न्यायचं, परत आणायचं, रात्री कूस बदलायची, हे सगळं मोठीचं. आता तिला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी दोन महिने आईला सांभाळायला हवं होतं.

धाकटी बहीण पिटू समुद्रापलीकडे, दोन लहान मुलं आणि घराकडे अधिक लक्ष देणारा नवरा घेऊन बसलेली. राहिला भाऊ. त्याला लहानपणापासून साहेब म्हणत, कारण चालायला लागायच्या आधीच तो बोट दाखवून हुकूम सोडायला शिकला होता. तो दुसऱ्या शहरात असे. कसं बोलायचं, काय बोलायचं, याची मोठीने चाकापुढे बसून दोन दिवस उजळणी केली, आणि तेवढ्यात गॅझेटासाठी त्याचाच फोन आला. तिने ओट्यावर फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

"बढतीचं लिही," साहेब म्हणाला. "आणि स्वयंपाकघर पूर्ण नवं करतोय ते. नुसतं नवं नको लिहूस, तुझ्या पद्धतीने जरा सजवून लिही."

"लिहिते."

"पोरीचा पोहण्यात दुसरा नंबर आला."

"परवा तर तिसरा म्हणालास."

"अगं, पहिल्या दोघी एकाच शाळेतल्या. त्या एकच धरायच्या."

मोठी हसली. हसता हसताच बोलून टाकावं म्हणून तिने नळ बंद केला. "साहेब, माझं एक काम आहे तुझ्याकडे. माझ्या खांद्याचं ऑपरेशन करायचं ठरतंय."

"अरे बापरे. मग करून टाक ना लगेच. तू ना, सगळं अंगावर काढतेस."

"करायचंय. पण नंतर दोन महिने मला काही उचलता येणार नाही."

"मग नको उचलूस."

"आईला उचलावं लागतं."

साहेबाने विचारलं, "आईला कशाला उचलायचं?" आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नाटक नव्हतं. त्याला खरंच कळलेलं नव्हतं. "आई तर रोज बागेपर्यंत फिरून येते की."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी म्हणजे? तूच. गॅझेटात असतं ना दर वर्षी. 'आईची तब्येत उत्तम असून ती रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत फिरून येते.' मला पाठ आहे. ऑफिसात सगळ्यांना सांगतो मी, आमची आई या वयातही रोज फिरते म्हणून."

मोठीच्या हातावरचा साबण कोपरापर्यंत ओघळला. आतल्या खोलीचा पडदा अर्धा उघडा होता. स्पीकर चालू होता. साहेबाचा आवाज पहिल्यापासून खणखणीत, त्यात त्याची बढती झालेली.

खरं तर बोलायचे शब्द तीनच होते. आई चालत नाही. पण या घरात ते कधी कुणी तोंडातून काढले नव्हते. डॉक्टर म्हणायचे, बघू हळूहळू. बाई म्हणायच्या, होईल, होईल. मोठी म्हणायची, आज राहू दे, उद्या प्रयत्न करू. आईची काठी अजून दारामागे उभी होती, आणि बाई रोज तिच्यावरची धूळ पुसत. ते तीन शब्द आता आई ऐकत असताना, ओट्यावरच्या फोनशी बोलल्यासारखे बोलायचे, हे मोठीच्याने होईना.

"ताई? आहेस ना?"

"आहे."

"उलट तुझं ऑपरेशन झालं की आईचीच तुला सोबत होईल. आणि तसं काही लागलं तर सांग, मी आहेच. सध्या इथे घरभर सिमेंट उडतंय, नाहीतर तुम्हा दोघींना इकडेच बोलावलं असतं."

"बरं," मोठी म्हणाली. "बघू."

फोन ठेवून ती आत गेली. आई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडली होती. खरोखर झोपलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या घट्ट नसतात. मोठीने डाव्या हाताने पांघरूण सारखं केलं आणि दिवा मालवला.

मग तिने कॉम्प्युटर उघडला आणि ते वाक्य बघितलं. साहेबाने शब्द न शब्द बरोबर सांगितला होता.

ते तिथे राहिलं ते केवळ चुकीने. आई पडली तेव्हा वर्ष संपायला आलं होतं. मोठीने त्या वर्षीचं गॅझेट दवाखान्यात, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून, फोनवरच घाईघाईत उरकलं. सगळ्यांची बोंब चालली होती की गॅझेट कधी येणार. इतरांच्या बातम्या तिने भरल्या, आईच्या परिच्छेदापर्यंत पोचली तोच नर्सने हाक मारली, आणि जुनं वाक्य तसंच गेलं. भावंडांना ती पडल्याचं फोनवर कळवलेलं होतंच. साहेब येऊन दोन दिवस राहूनही गेला. त्याने आईला पलंगावर पाहिलं आणि हाड जुळलं की उठेल, असं धरून तो परतला, आणि नंतर कामांच्या गडबडीत त्याचं इकडे येणं झालंच नाही. पुढच्या गॅझेटात आई फिरायला जातेय म्हटल्यावर त्याच्या लेखी ती उठलीच. फोनवर ती दिसायची ती उशांना टेकून बसलेली, बाईंनी केस विंचरून दिलेली, 'मी अगदी मजेत' म्हणणारी. समोरच्याला त्या छोट्या चौकटीत पाय दिसत नसत.

चूक मोठीच्या लक्षात आली ती आईला गॅझेट वाचून दाखवताना. ती दर वर्षी आईला सगळं वाचून दाखवी. त्या वर्षी 'रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत' इथे आल्यावर तिची जीभ अडखळली. आई छताकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तेवढं परत वाच." मोठीने परत वाचलं. आई काही बोलली नाही. मोठीला वाटलं, आईला ते ऐकायला बरं वाटतंय. निदान कुठेतरी ती चालतेय. पुढच्या वर्षी मग मोठीने ते वाक्य जाणूनबुजून ठेवलं, आणि त्यानंतर ते तिला दिसेनासंच झालं.

आता सरकारी कारकुनाच्या लेकीला कळत होतं की काय झालं ते. काकांना सिगरेट सोडावी लागली होती, तशी आई चालायला लागली होती. कागदावर आलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वरच्या फळीवरचा साचा काढताना तिचा हात अर्ध्यातच थांबला. साचा सुटला आणि एका निवृत्त मास्तरांचा खालचा जबडा फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले. मालकीणबाई तुकडे गोळा करायला स्वतः खाली वाकल्या. त्या वाईट नव्हत्या.

"मास्तरांना परत माप द्यायला बोलवू," त्या म्हणाल्या. "पण तुमचं काय करायचं? आज साचा पडला. उद्या चाकात बोट गेलं तर?"

"ऑपरेशन करतेय."

"हे तुम्ही किती दिवस म्हणताय? हात बरा करून या, तुमची जागा मी ठेवते. पण अशा हाताने नका येऊ. मला बघवत नाही."

मोठीने मान हलवली. मास्तरांबद्दल तिला फार वाईट वाटत राहिलं. दात नसताना परत तोंड उघडून बसायचं म्हणजे माणसाला लाज वाटते.

संध्याकाळी आईला खुर्चीवरून पलंगावर घेताना तो हात पुन्हा सुटला. पडलं कुणी नाही. आई पलंगाच्या काठावर धप्पकन बसली आणि मोठी तिच्यावर कलंडता कलंडता भिंतीला टेकली. दोघींना धाप लागली होती. आईचा एक पाय विचित्र वळून राहिला होता, तो सरळ करायलासुद्धा मोठीला जरा थांबावं लागलं. तिला रडायचं होतं, पण त्यालाही ताकद लागते.

"लागलं का तुला?" आईने विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

एवढंच बोलणं झालं. नेहमीसारखंच.

रविवारी दुपारी मोठी गॅझेट लिहायला बसली. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, आईच्या पायाशी खिडकीखाली होता. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मोठी एका हाताने लिहीत होती, त्यामुळे साहेबाचं स्वयंपाकघर पुरं व्हायला खरोखरच्या स्वयंपाकघराइतका वेळ लागेल असं वाटत होतं. 'प्रशस्त, हवेशीर आणि आधुनिक सोयींनी सुसज्ज,' तिने लिहिलं. पोरीला दुसरा नंबर दिला. जावईबापूंना आणखी एक वर्ष घरीच ठेवलं. सगळं नेहमीच्या ओघात चाललं होतं, आणि लिहिता लिहिता ती शेवटच्या परिच्छेदाशी आली.

तिने खूप वेळ काहीच लिहिलं नाही. ते वाक्य पुसलं तर आईला तसं वाचून दाखवावं लागणार. ठेवलं तर उद्या दवाखान्यात फोन करून तारीख सोडून द्यायची. तिने वाक्यातला 'रोज' काढला. 'अधूनमधून' घातला. मग तोही काढला.

"कुठवर आलीस?" मागून आईने विचारलं.

"संपत आलंय."

"माझ्यावर आलीस का?"

मोठीने मागे वळून पाहिलं. आई टक्क जागी होती. भिंतीकडे तोंड केलेलं नव्हतं.

"वाच," आई म्हणाली.

"अजून लिहायचंय, आई."

"जे आहे ते वाच."

मोठीने 'रोज' परत घातला आणि वाचलं. आईची तब्येत उत्तम असून ती रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत फिरून येते. बाहेर सतरंजी झटकायचं थांबलं होतं, त्यामुळे ते उगाच मोठ्याने वाचल्यासारखं झालं.

"साहेबाला पाठ आहे म्हणे," आई म्हणाली.

"तू जागी होतीस."

"पाय गेलेत माझे. कान कुठे गेलेत?"

आईने पांघरुणाची कड दोन बोटांत धरून सरळ केली, आणि सरळ झालेलीच पुन्हा सरळ केली.

"पहिल्यांदा तू हे वाचलंस ना," ती म्हणाली, "तेव्हा मी म्हटलं, परत वाच. मला वाटलं, चुकून राहिलंय. परत वाचलं की तुझ्या लक्षात येईल आणि दुरुस्त करशील. तू नाही केलंस. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा मी म्हटलं, हिला तसंच बरं वाटतंय. आई चालते असं चार लोकांत सांगता येतंय तिला. तेवढंच सुख. कशाला बोला."

"मला?" मोठी म्हणाली. "आई, मी ते तुझ्यासाठी ठेवलं. तुला ऐकायला आवडतं म्हणून."

"मला?" आई म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं एकाच खोलीत श्वास घेऊन, एकीने दुसरीला उचलून ठेवून, दोघींनी एकमेकींसाठी हे एक वाक्य जपून ठेवलं होतं, आणि दोघींपैकी कुणालाही ते नको होतं. मोठीला आपला राग आला, आईचा आला, आणि मग दोन्ही राग धरून ठेवायचाही कंटाळा आला.

"पूस ते," आई म्हणाली. "आणि मी सांगते तसं लिही."

मोठीने पुसलं.

"आई आता चालत नाही."

मोठीने डाव्या हाताने एकेक अक्षर दाबलं. एवढंसं वाक्य, पण ते संपेना.

"लिहिलंस?"

"हो."

"पडल्यापासून चालत नाही. आता चालणारही नाही. तिला उचलावं लागतं. मोठी उचलते." आई मध्ये थांबून दम घेत होती, पण शब्द शोधत नव्हती. हे सगळं कधीचं तयार असावं. "पुढे लिही. मोठीचा खांदा गेलाय. मोठी थकली आहे."

मोठीचा हात थांबला. "माझं नको, आई. माझी ओळ आहे खाली."

"ती ओळ काढून टाक."

"बाबांची आहे ती."

"तुझे बाबा सगळ्या जगाचं लिहायचे आणि मला विचारायचे, मोठीचं काय लिहू? मी चुलीशी असायचे. म्हणायचे, लिहा ठीक आहे. मला तेव्हा मागे वळून बघायला वेळ नव्हता." आईने डोळे पुसले नाहीत, ते ओले होऊ दिले. "आता पडल्या पडल्या दुसरं काय बघते मी? तुलाच बघते. लिही."

मोठीने लिहिलं. लिहून झाल्यावर ती नुसतीच कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली.

"वाचून दाखव."

"आई आता चालत नाही," मोठीने वाचलं. "पडल्यापासून चालत नाही. आता चालणारही नाही. तिला उचलावं लागतं. मोठी उचलते. मोठीचा खांदा गेला आहे. मोठी जरा थकली आहे."

आई म्हणाली, "'जरा' मी म्हटलं नव्हतं."

मोठीने मान खाली घातली. तो शब्द तिने कधी घातला हे तिलाच कळलं नव्हतं, हाताची सवय. तिने तो पुसला. 'जरा' जाताच पुढचा शब्द सरकून 'मोठी'ला येऊन भिडला, आणि इतके दिवस ताकद नाही म्हणून राहिलेलं रडू एकदमच आलं. आईने तिला रडू दिलं. उगी म्हणाली नाही, पुरे म्हणाली नाही. तिचा हात पोचत नव्हता, म्हणून तिने नुसतं पांघरूण मोठीच्या बाजूला ढकललं.

चेहरा धुऊन आल्यावर मोठीने गॅझेट सगळ्यांना पाठवून दिलं.

नेहमीप्रमाणे अंगठे यायला लागले. मामेभावाचा अंगठा आला, एका मावसबहिणीने फुलं पाठवली, कुणीतरी 'यंदाचं गॅझेट नेहमीसारखंच छान' असं लिहिलं. म्हणजे त्यांनी आपापलेच परिच्छेद वाचले होते. मोठीने चहा टाकला. तिच्या मनात आलं, एवढं करून काही होणार नाही, उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून टाकू. चहा गाळत असताना फोन वाजला. साहेबाचा होता. तिने स्पीकर लावला.

"ताई, हे शेवटी काय लिहिलंयस?" त्याचा आवाज आज खणखणीत नव्हता.

"अरे, तसं विशेष काही नाही," मोठीच्या तोंडून गेलं. "आईला वाटलं म्हणून—"

"मोठे," आतून आई म्हणाली, "फोन इकडे आण."

मोठीने चहा तसाच ठेवला आणि फोन नेऊन आईच्या हातात दिला. आईने तो आरशासारखा तोंडासमोर धरला.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली.

साहेबाच्या मागे कुणीतरी भिंतीत भोक पाडत होतं, ते त्याने ओरडून थांबवलं. "आई, मला माहीतच नव्हतं गं," तो म्हणाला.

"आता गॅझेटात आलं ना? आता आहे माहीत." आईने दम घेतला. "कधी येतोस?"

साहेब रजेचं बोलला. वर्षअखेरीच्या कामाचं बोलला. घरभर सिमेंट उडतंय हेही बोलायला लागला आणि आपोआप थांबला. आई फोन तसाच धरून राहिली. तिचा हात भरून आला होता, तरी तिने खाली घेतला नाही.

"मी येतो, आई," साहेब अखेर म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी येतो आणि राहतो. पिटूशी पण बोलतो. ताईला विचार, कधी येऊ?"

आईने फोन छातीवर ठेवला आणि मोठीकडे पाहिलं. "मोठे, तुला कधी चालेल?"

मोठी पलंगाशी उभी होती. 'कधीही चालेल, तुमच्या सोयीने' हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं; ते तिथेच असायचं, वर्षानुवर्षं. ती पलंगाच्या काठावर, आईच्या न हलणाऱ्या पायांशेजारी बसली. दुखरा हात तिने मांडीवर घेतला.

"लवकर," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, लवकर ये."